सही करण्याआधी
(चिंचपाडा येथे तरुणांच्या बैठकीत केलेलं भाषण)

 

तुम्ही मला कविता म्हणायला बोलावलंत. कविता नंतर म्हणीन. आधी एका डिग्रीबद्दल बोलायचंय, आणि बोलणारा माणूस साधा मॅट्रिक आहे, गोदीत गोण्या उचलतो. हसा खुशाल. पण ऐका.

येताना नवापूर लागलं. त्या स्टेशनाचे दोन राज्यांत दोन तुकडे. अर्धं महाराष्ट्र, अर्धं गुजरात. गरिबाच्या पाठीत बसणारा दंडुका मात्र दोन्हीकडं सारखाच.

मी इथं आलो तो एका माणसामुळं. तुमच्याच भागातला भिल्ल. नाव सांगत नाही, त्याची बदनामी पुरेशी झालीय. माझ्या शेजारी ठेकेदाराकडं राबायचा. २०२१ च्या पावसाळ्यात तांब्याच्या तारेचं एक भेंडोळं गेलं. मुकादमानं बोट दाखवलं. कुणाकडं दाखवणार? ज्याचं मुंबईत कुणी नाही त्याच्याकडं. पोलिसांना पंच पाहिजे होते. मी चहाच्या टपरीवर उभा. ‘शिकलेला दिसतोस, कर सही.’ केली. कागदावर लिहिलेलं की, त्याच्या झोपडीची झडती आमच्यासमोर झाली, तार आमच्यासमोर निघाली. मी त्याची झोपडी आजतागायत पाहिलेली नाही. कागद मराठीत होता. मला वाचता येत होतं. पण घाबरलो, पाळी चुकेल म्हणून घाई केली. तो सात महिने आत सडला. जामीन झाला होता, जामीनदार मिळेना.

पुढं कोर्टात मी खरं बोललो. सरकारी वकिलानं विचारलं, ‘मग सही कुणाची?’ म्हटलं, ‘माझीच.’ त्यानं मला फितूर ठरवून घेतलं. माणूस सुटला. सात महिने कोण परत देणार? गोणीला हूक लावताना ती सही मला अजून दिसते.

तेव्हापासून मी विचारत सुटलो, की हा गुन्हा, आरोपी, पंच, जामीन, तुरुंग, हे सगळं शिकवतात कुठं? कळलं की त्याचं एक शास्त्र आहे. गुन्हेगारीशास्त्र. गुन्हा का घडतो, कुणाला गुन्हेगार म्हणतात, शिक्षेनं काय होतं, तुरुंगातून सुटलेल्याचं पुढं काय, हे त्यात शिकवतात.

भाऊहो, या शास्त्राची आपली ओळख जुनी आहे. फक्त आपण टेबलावर होतो आणि सुरी दुसऱ्याच्या हातात होती. १८७१ साली इंग्रजानं कायदा केला की काही जमाती जन्मानंच गुन्हेगार. १९११ च्या कायद्यानं तो फास मुंबई इलाख्यातही आवळला. पारधी, कैकाडी पोटातल्या पोरासकट गुन्हेगार. सोलापूरला तारेच्या कुंपणात माणसं कोंडली, हजेरीला उभी केली. १९५२ साली शिक्का पुसला म्हणतात. लगेच सराईत गुन्हेगारांचे कायदे आले, मुंबई राज्याचा १९५९ चा. शिक्का तोच, शाई नवी.

आणि तुरुंग? २०२२ अखेर देशात ५,७३,२२० कैदी होते. त्यातले ४,३४,३०२ कच्चे कैदी. म्हणजे चारातल्या तिघांवर गुन्हा शाबीतच झालेला नाही. तुरुंगात झाडू कुणी मारायचा आणि स्वयंपाक कुणी करायचा हे जातीवरून ठरत होतं. सुकन्या शांता या पत्रकार बाईनं ते बाहेर काढलं, कोर्टात गेली. ३ ऑक्टोबर २०२४ ला सुप्रीम कोर्टानं ते नियम घटनाबाह्य ठरवले. मनू तुरुंगाच्या नियमपुस्तकात पंच्याहत्तर वर्षं फुकट जेवत होता!

म्हणून म्हणतो, आपली पोरं या शास्त्रात घुसली पाहिजेत. कसं, ते नीट ऐका. घोषणा देऊन अॅडमिशन मिळत नाही.

पहिलं. गुन्हेगारीशास्त्र वेगळं आणि फॉरेन्सिक वेगळं. रक्ताचा डाग, बोटाचा ठसा तपासायचाय तर बारावी सायन्स लागते. माणूस आणि व्यवस्था तपासायचीय तर आर्ट्सवाल्यालाही वाट आहे. दहावीनंतरच ठरवा.

दुसरं. सागर विद्यापीठात १९५९ पासून या शास्त्राचा विभाग आहे. इथून भुसावळ, इटारसी, बीना करत रेल्वेनंच जाता येतं. धारवाडला कर्नाटक विद्यापीठात बी.ए.ला हा विषय घेता येतो. घर सोडता येत नसेल तर नवापूर-नंदुरबारला समाजशास्त्र किंवा मानसशास्त्र घेऊन बी.ए. करा आणि एम.ए.ला मुंबईच्या टाटा इन्स्टिट्यूटचा दरवाजा ठोका. पैसे भरण्याआधी विद्यापीठ मान्यतेचं आहे का, तीन वर्षांत काय शिकवणार, ते लेखी मागा. चकचकीत जाहिरातीवर सही करू नका. सहीचं मी सांगितलंच.

तिसरं, पैसा. मॅट्रिकनंतरची सरकारी शिष्यवृत्ती १९४४ साली अनुसूचित जातींसाठी सुरू झाली. बाबासाहेब तेव्हा व्हाइसरॉयच्या कौन्सिलात होते. पुढं ती आदिवासींनाही मिळाली. ती भीक नाही, हक्क आहे. जातीचा दाखला, पडताळणी, उत्पन्नाचा दाखला हे कागद बारावीतच तयार ठेवा. एका कागदापायी वर्ष जातं.

चौथं, पुरं करणं. घुसणारे पुष्कळ, बाहेर पडणारे थोडे. दिवाळीनंतर ऊसतोडीला घर गुजरातेत जातं, पोरगं मागं जातं, परीक्षा बुडते. पोरीचं तर आधी लग्नच उरकतात. इंग्रजी पुस्तक बघून छाती दडपते. म्हणून एकट्यानं शिकायचं नाही. चौघांनी मिळून वाचा. गावानं ठरवावं की यंदा या पोरीचं खोलीभाडं आम्ही भरणार. विषय राहिला तर लाजून पळू नका, पुढच्या परीक्षेला बसा.

आणि शिकता शिकता कोर्टात जाऊन मागच्या बाकावर बसा. खुल्या कोर्टाला तिकीट नसतं. १९८७ च्या कायद्यानं दलित, आदिवासी, बाया आणि कोठडीतला कुणीही, यांना सरकारी खर्चानं वकील मिळतो, हे आपल्या आयाबापांना सांगा. माझ्या त्या दोस्ताला कुणी सांगितलं नव्हतं. १ जुलै २०२४ पासूनच्या नव्या कायद्यात झडतीचं चित्रीकरण करायचं बंधन आहे. ते विचारणारा माणूस वस्तीत पाहिजे. चित्रीकरण कुठंय, एवढे दोन शब्द.

एक शेवटचं. डिग्री घेऊन उद्या तू साहेब झालास, आणि तुझ्या टेबलापुढं माझ्यासारखा एखादा घाबरून उभा राहिला, तर तू काय म्हणणार? ‘कर सही’? मग तुझ्या डिग्रीला काडी लाव. ‘बस, आधी वाच’, एवढं म्हणालास तरी तीन वर्षं सार्थकी लागली.

मीही सतरा नंबरचा फॉर्म भरलाय. बाहेरून बारावी देणार. दिवसा गोणी, रात्री पुस्तक. फॉर्मवर सही केली. पण या वेळी वरपासून खालपर्यंत वाचून केली.

जयभीम!