मुंबई ते दूधविनायक : अंतर आणि वेळ

दोन स्थळांमधील अंतर आणि तेथे पोहोचण्यास लागणारा वेळ या भिन्न गोष्टी होत. वरसईचे विष्णुभट गोडसे 1857 मध्ये घरून निघाले आणि काशीयात्रा करून, गंगेची कावड घेऊन 1859 मध्ये परतले. आज मुंबई आणि वाराणसीजवळील बाबतपूर या विमानतळांमधील सरळ हवाई अंतर सुमारे 1,250 किलोमीटर भरते. ताशी 800 किलोमीटर वेगाने ते दीड तासाहून थोड्या अधिक अवधीत संपावे. परंतु धावपट्टी गाठणे, उंची घेणे आणि खाली उतरणे यांमुळे प्रवास दोन तासांवर जातो. हिवाळ्यात उंचावरील पश्चिमी वारे जाताना साहाय्य करतात, परतताना तेच विरोध करतात.

बाबतपूरहून शहर सुमारे 25 किलोमीटर दूर आहे. दूधविनायक ही काशीतील जुनी मराठी वस्ती. तेथील शेवटची वाट अरुंद गल्ल्यांतून पायीच चालावी लागते. म्हणून आप्ताच्या अंतसमयी तेथे पोहोचू इच्छिणाऱ्याने केवळ उड्डाणाचे तास मोजू नयेत. घराच्या उंबरठ्यापासून त्या उंबरठ्यापर्यंतचा सारा वेळ हिशेबात धरावा.