फास, हरीण आणि एक दप्तर

मी पुण्यात कोडिंग करतो, पण मूळचा यवतमाळचा. आज जरा वेगळा विषय घेतलाय. मोठ्या जनावरांची शिकार, तीही बंदुकीशिवाय.

आमच्याकडे शिकार म्हटलं की अवनी आठवते. टी-१ वाघीण, राळेगाव-पांढरकवडा भागातली. २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री ती गोळीने मेली. त्या मोहिमेसाठी शिकारी बाहेरून आणले होते. पण ज्यांच्या नावातच शिकार आहे, ते लोक आमच्याच जिल्ह्यात राहतात. पारधी, फासेपारधी.

फास म्हणजे काय, तर खुंट्यांना बांधलेली तातीची किंवा चामड्याची वेटोळी. हरणांची रोजची वाट हेरायची, तिथे ओळीने फास मांडायचे आणि समोरून कळप हळूच हाकत आणायचा. काही जण शिकवलेल्या गायीच्या आडून सरकायचे. हरीण गायीला बुजत नाही ना! चिता पारधी तर माणसाळवलेला चित्ता काळविटावर सोडायचे. आम्ही ज्याला पॅटर्न ओळखणं म्हणतो, ते हे लोक खुरांच्या ठशांवरून करत होते.

मग १८७१ साली इंग्रजांनी गुन्हेगार जमाती कायदा आणला आणि पुढे पारधीही त्यात ओढले गेले. जन्मला की गुन्हेगार! १९५२ मध्ये तो कायदा गेला. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकार बंद झाली. ते गरजेचंच होतं, माझा त्याला विरोध नाही. पण शिकार गेली आणि हातात जमीन नाही, दुसरं काम नाही. शिक्का मात्र तसाच राहिला.

आठवीत असताना आमच्या वर्गात कुणाचे तरी पैसे हरवले. दप्तर एकाचंच उलटं केलं, बेड्यावरून येणाऱ्या पोराचं. काहीच निघालं नाही. पैसे नंतर ज्याचे होते त्याच्याच कंपासमध्ये सापडले. त्याला कुणी सॉरी म्हटलं नाही. मी पण नाही. तो माझ्या शेजारी बसायचा. रोहीचा माग कसा आणि रानडुकराचा कसा, हे त्यानंच मला शाळेमागच्या नाल्यात दाखवलं होतं.

दिवाळीनंतर तो शाळेत आलाच नाही.

आज टिपेश्वरला गेलो की मी अजून खाली बघत चालतो. माग दिसला की ओळखतो, आणि सोबतचे विचारतात, हे कुठून शिकलास? इतकी वर्षं मी सांगायचो, गावाकडे शिकलो. आता नीट सांगतो, एका पारधी मित्राकडून.

तुमच्या वर्गात असं कुणी होतं का? कमेंटमध्ये लिहा. भेटू पुढच्या भागात.