पाखरांचे जाळे



सुवर्णमहोत्सवाच्या व्यासपीठावरून मुलांच्या चित्रपटाविषयी बोलावे, हे कोणास पोरकट वाटेल. परंतु ‘एक अनेक और एकता’ हा 1974 सालचा हिंदी लघुपट आम्ही बाळपणी दूरदर्शनवर पाहिला, आणि पन्नाशी उलटली तरी त्याची गोडी ओसरलेली नाही.

त्यातील रेषा साध्या, रंग सपाट, चित्रे हाताने काढलेली. पडद्यावर सेकंदाला 24 चौकटी सरकतात. म्हणजे जेमतेम सात मिनिटांच्या खेळास दहा हजार चौकटी लागल्या. एकच चित्र दोनदा टिपण्याची सवलत धरली, तरी चित्रकारांचे कष्ट थोडे नव्हेत. त्या पाखरांच्या भरारीत यंत्राची सफाई नाही, हाताची ऊब आहे.

दिग्दर्शिका विजया मुळे आपल्यासारख्याच घरापासून दूर राहिलेल्या: जन्म मुंबईचा, विवाहानंतर वास्तव्य पाटण्यास, पुढे केंद्र सरकारच्या शिक्षणखात्यात नोकरी. संगीत कोकणच्या वसंत देसाईंचे. चित्रांना चालतेबोलते करणारे भीमसैन खुराणा फाळणीनंतर लखनौस आलेले. उत्कृष्ट शैक्षणिक चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार या कृतीस लाभला.

कथा पंचतंत्राच्या वळणाची. पारध्याच्या जाळ्यात सापडलेली पाखरे एकजुटीने जाळ्यासकट उडतात. एवढे सर्वांना आठवते. परंतु उडाल्याने जाळे सुटत नाही! ते कुरतडतात उंदीर. ना त्यांना पंख, ना ते पाखरांच्या गोतातले.

हे मर्म आम्हांस उशिरा उमगले. पूर्वी बदलीच्या एका गावी, गणेशोत्सवातील बालनाट्यात मराठी मुलांसच घ्यावे, असा हट्ट आम्हीच धरला होता. आमच्या कन्येची शेजारची मैत्रीण, जिला मराठी संवाद तोंडपाठ झाले होते, ती प्रयोगाच्या दिवशी दाराशी उभी राहिली. त्याच वर्षी कन्या आजारी पडली. आम्ही दौऱ्यावर, रुग्णालयात आमच्या सौभाग्यवतीसोबत रात्रभर जागली ती त्या मुलीची आई. परतल्यावर त्या माउलीसमोर आमची मान वर होईना.

पन्नास वर्षे हे मंडळ एकजुटीने उडाले, याचा आम्हांस अभिमान आहे. मराठी येथे बोलली जावी, मुलांनी ती जपावी, याविषयी दुमत नाही. परंतु यंदाच्या बालनाट्यात शेजारच्या मुलांनाही भूमिका द्याव्यात, एवढीच विनंती. मराठी त्यांच्याही मुखी रुळली, तर ती उणी होणार नाही, वाढेलच.