यजमानावाचूनचा पाहुणा

ग्रीक भाषेत ‘क्सेनॉस’ असा एक जुना शब्द आहे. त्याचा अर्थ परका असाही होतो आणि पाहुणा असाही होतो. परका माणूस दाराशी आला की त्याला पाहुणाच मानावयाचे, हा धर्म त्या एका शब्दात साठविलेला आहे. देवांचा राजा झ्यूस हाच अशा पाहुण्यांचा कैवारी समजला जाई. ज्याच्या येण्याला तिथी नाही त्याला अतिथी म्हणणाऱ्या मराठी श्रोत्यांना हे निराळे समजावून सांगावयास नको. मात्र या धर्मात दोन पक्ष गृहीत धरलेले आहेत : एक येणारा आणि दुसरा दार उघडणारा. येणारा जर आपले दारही बरोबर घेऊन आला, तर काय करावयाचे?

ग्रीसच्या किनाऱ्यावर हा प्रश्न मोटारघरांनी उभा केला आहे. युरोपातील प्रवासी इटलीच्या आंकोना, बारी अथवा ब्रिंदिसी बंदरात आपले मोटारघर बोटीवर चढवितात आणि इगुमेनित्सा किंवा पात्रास येथे उतरवितात. या गाडीत बिछाना, शेगडी, फ्रिज, न्हाणीघर असे सारे काही असते. पाण्याची टाकी साधारण शंभर लिटरची आणि संडासाची पेटी जेमतेम वीस लिटरची. या घराचे स्वातंत्र्य आणि त्याची मर्यादा या दोन आकड्यांत सामावलेली आहे. दोन-तीन दिवस गेले की एक भरावी लागते आणि दुसरी रिकामी करावी लागते.

पेलोपोनीसमधील नाफ्प्लिओ हे अशा मुक्कामाचे आवडते गाव. डोक्यावर व्हेनिसकरांनी १७११ ते १७१४ या काळात बांधलेला पालामिदीचा किल्ला आणि बंदराच्या पाण्यात ‘बुर्जी’ नावाचा चिमुकला जलदुर्ग. आपला ‘बुरूज’ आणि ही ‘बुर्जी’ यांचे मूळ एकच. १८३४ साली राजधानी अथेन्सला गेली, त्यापूर्वी नव्या ग्रीसचा कारभार याच गावातून चाले. देशाचा पहिला राज्यप्रमुख कापोदिस्त्रियास याचा १८३१ मध्ये येथील एका चर्चच्या दाराशी खून झाला. अशा गावी बंदराच्या मोकळ्या आवारात गाडी लावावी आणि पहाटे पडदा सारताच समोर बुर्जी दिसावी, याची गोडी कोणासही वाटेल.

पण त्याच धक्क्यावर सायंकाळी गावकरी सहकुटुंब फेरफटका मारावयास निघतात. त्यांच्या आणि समुद्राच्या मध्ये गाड्यांची पांढरी भिंत उभी राहिली, तर गाव कोणाचे, असा प्रश्न पडणारच. पाण्याची गोष्ट तर याहून गंभीर. नाफ्प्लिओच्या पाठीशी असलेल्या आर्गोसच्या मैदानात संत्र्यांच्या बागा आहेत. शेतीसाठी तेथे इतका उपसा झाला की भूगर्भात समुद्राचे पाणी शिरले आणि किनाऱ्याकडच्या विहिरी खाऱ्या झाल्या. अशा मुलखात टाकी फुकट भरून घेणे आणि पेटी झुडपात ओतणे हा निव्वळ बेशिस्तीचा प्रकार राहत नाही, तो यजमानाच्या रांजणात हात घालण्याचा प्रकार होतो.

ग्रीक शासनाने १९७६ पासून तळांसाठी कायदा केलेला आहे. २०२५ च्या कायद्याने समुद्रकिनारे, पुरातन स्थळे व सार्वजनिक जागा येथे मोटारघरांच्या मुक्कामास मनाई करून तीनशे युरोंचा दंड ठेवला. यावर आक्षेप असा की, किनारा कायद्याने सर्वांच्या वापराचा आहे. तो आहेच, आणि म्हणूनच तेथे कोणी एकाने बिऱ्हाड मांडता येत नाही. तथापि हाच न्याय आरामखुर्च्या भाड्याने देणाऱ्यांनाही लागला पाहिजे. त्यांनी वाळू अडविली म्हणून २०२३ च्या उन्हाळ्यात पारोस बेटावरील रहिवासी निषेधार्थ किनाऱ्यावर उतरले होते. दंड केवळ चाकांना आणि सवलत खुर्च्यांना, अशी वाटणी झाल्यास कायद्याचा आदर राहणार नाही.

१९५० नंतरच्या काळात ग्रीक शासनाने ठिकठिकाणी पर्यटकांसाठी हॉटेले बांधली आणि त्यांना ‘क्सेनिया’, म्हणजे आतिथ्य, असे नाव दिले. त्यांतील एक नाफ्प्लिओच्याच टेकडीवर उभे राहिले. शासनही यजमान होऊ शकते, हा त्या नावाचा अर्थ. आजच्या पाहुण्याला खोली नको आहे. त्याला पाण्याचा नळ, मैला टाकण्याची सोय आणि रात्रीपुरती जागा हवी आहे. नाफ्प्लिओजवळच्या तोलो आणि द्रेपानो येथील तळांवर भाडे देऊन हे सारे मिळते. पण ग्रीसमधील कित्येक तळ हिवाळ्यात बंद असतात, आणि बाजार ओस पडलेल्या त्या दिवसांतच आलेल्या गिऱ्हाइकाची गावाला खरी गरज असते. नुसती मनाईची पाटी लावून ही अडचण सुटत नाही.

पाहुण्याकडेही काही येणे आहेच. स्वतःची चूल बरोबर आहे म्हणून गावच्या भटारखान्यातील पाव घेऊ नये असे नाही. स्वतःचे दार आहे म्हणून दुसऱ्याचे दार ठोठावू नये असेही नाही. तळाचे भाडे द्यावे, पाणी जपून वापरावे, आणि धक्क्यावर सायंकाळी गावकऱ्यांबरोबर चार पावले चालावे. परक्याचा पाहुणा व्हावयास एवढे पुरेसे असते.