आखातातली मुले, शिष्यवृत्त्या आणि आपण आजी-आजोबा

(सिनेगॉगच्या वर्धापनदिन समारंभात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज मला बोलायला चिटणीसांनी सांगितले. विषय त्यांनीच ठरवून दिला. म्हणाले, "आमच्यापैकी पुष्कळांची भाचरे-पुतणे, नातवंडे आखातात शिकतात. कॉलेजचा खर्च ऐकून आईबाप घाबरलेत. शिष्यवृत्त्या कशा मिळतात ते सांगा." तुमच्या इथल्या नातवंडांचा रस्ता ठरलेला आहे: बगरूत, मग लष्कर, मग सायकोमेट्रिक. त्यात मी लुडबूड करीत नाही. मी बोलणार ते अबू धाबीविषयी.

मुंबईत गणित शिकवण्यात माझी उभी हयात गेली. निवृत्तीनंतर मुलाकडे अल रीम आयलंडवर राहतो. हे अबू धाबी शहराला पुलांनी जोडलेले बेट आहे. वीस वर्षांपूर्वी तिथे बहुतेक वाळू होती, आता मान मोडेपर्यंत वर पाहावे अशा इमारती आहेत. पहाटे पिवळ्या शाळा-बसेस येतात आणि बरीचशी भारतीय मुले पूल ओलांडून आपापल्या सीबीएसई शाळांना जातात. संध्याकाळी त्यातली काही माझ्याकडे गणित घेऊन येतात आणि त्यांच्या मागोमाग त्यांचे आईवडील कागद घेऊन येतात. त्या कागदांवरूनच मी हा विषय शिकलो.

आधी अडचण काय ते सांगतो. आखातातल्या मुलाचा मुक्काम बापाच्या नोकरीवर असतो. २०२२ सालच्या सुधारणेनंतर अविवाहित मुलगा पंचवीस वर्षांचा होईपर्यंत वडिलांच्या व्हिसावर राहू शकतो. पूर्वी अठरानंतर धावपळ होई. पण बापाची नोकरी गेली तर सगळे घरच गुंडाळावे लागते. तिथे जन्मलेले मूलही नागरिक होत नाही. म्हणून बारावीनंतर कुठे, हा प्रश्न तिथे अभ्यासाचा तेवढाच मुक्कामाचाही असतो. आमच्या इमारतीत एक मुलगी होती, फार हुशार. बारावीच्या डिसेंबरात वडिलांचे काम सुटले. घरात पैसा नव्हता असे नाही, पण होता तो सगळा फ्लॅटच्या हप्त्यात. शिष्यवृत्तीचे अर्ज भरायला बसलो तेव्हा निम्म्या ठिकाणची मुदत उलटून गेली होती. गुण होते, गरज होती, आणि तारीख गेली होती. शेवटी ती पुण्याला मामाकडे राहून शिकली. चांगली शिकली, पण तिला जे विषय हवे होते ते नव्हेत.

तेव्हा माझे म्हणणे एवढेच की शिष्यवृत्ती बारावीत शोधायची वस्तू नव्हे. ती नववीत शोधायला लागावी. अमेरिकेतली महाविद्यालये नववी ते बारावी असे चार वर्षांचे गुण मागतात. त्यांचे अर्ज नोव्हेंबर ते जानेवारीत जातात आणि सीबीएसईचा निकाल लागतो मे महिन्यात. म्हणजे निकाल हाती घेऊन निघालेला बाप जत्रा उठल्यावर पोहोचतो.

आता काय काय मिळते ते पाहू. आमच्या बेटावरच सॉर्बोनचे विद्यापीठ आहे, मोठ्या घुमटाचे. २००६ साली अबू धाबी आणि पॅरिस यांच्या करारातून ते स्थापन झाले. पदवी फ्रान्सची मिळते. काही अभ्यासक्रम इंग्रजीत आहेत, बरेचसे फ्रेंचमध्ये, आणि फ्रेंच येत नसेल त्यांना आधी भाषेची तयारी करून घेतात. चांगल्या गुणांवर शिष्यवृत्तीही आहे. घराच्या खिडकीतून दिसणाऱ्या त्या घुमटाखाली कोणाला प्रवेश मिळतो, हे आमच्या इमारतीत फारसे कोणी विचारून आले नव्हते. शेजारच्या सादियात बेटावर न्यूयॉर्क विद्यापीठाची अबू धाबी शाखा आहे. ती २०१० साली सुरू झाली आणि २०१४ पासून सादियातवर आहे. तिथे आर्थिक मदत घरची परिस्थिती पाहून ठरते आणि त्यासाठी सीएसएस प्रोफाइल नावाचा लांबलचक अर्ज भरावा लागतो. दिल्लीच्या आयआयटीने २०२४ पासून अबू धाबीत बीटेक सुरू केले आहे. म्हणजे मूल घरी जेवून आयआयटीत जाऊ शकते, ही गोष्ट आपल्या पिढीला सांगितली असती तर कोणाला खरी वाटली नसती.

भारतात परतणाऱ्यांसाठी दोन गोष्टी ध्यानात ठेवा. पहिली, भारत सरकारची परदेशस्थ भारतीयांच्या मुलांसाठीची शिष्यवृत्ती योजना, २००६-०७ साली सुरू झालेली. दीडशे शिष्यवृत्त्या, वर्षाला चार हजार डॉलरपर्यंत, भारतात पदवीचे शिक्षण घेणाऱ्यांसाठी. त्यातला तिसरा हिस्सा आखातासारख्या देशांत काम करणाऱ्या कामगारांच्या मुलांसाठी राखलेला आहे. आता 'कामगार' म्हटले की आपले लोक बिचकतात. "आम्ही कामगार नव्हे हो, आम्ही ऑफिसात," असे एका सद्गृहस्थांनी मला सुनावले. व्याख्या सरकार ठरवते, आपण नाही. आधी नियम वाचावा, मग मान-अपमान.

दुसरी गोष्ट 'दासा'. एनआयटी वगैरे संस्थांत परदेशातून शिकून येणाऱ्यांसाठी जादा जागा असतात. त्यात आखातात नोकरी करणाऱ्या भारतीयांच्या मुलांचा वेगळा गट आहे आणि त्यांना शिकवणी-फी भारतातल्या मुलांइतकीच पडते. डॉलरमधल्या फीशी तुलना केली तर फरक केवढा, ते सांगायला गणिताचा मास्तर नको. आता प्रवेश जेईई मेनच्या गुणांवर होतो आणि त्या परीक्षेचे केंद्र अबू धाबीतही असते. पण इथे एक खड्डा आहे. भारतीय पासपोर्टवरच्या मुलाने अकरावी-बारावी परदेशात केलेली असावी, अशी अट असते. आणि आपले लोक काय करतात? दहावी झाली की पोराला कोट्याला नाहीतर लातूरला पाठवतात. चांगल्या शिकवणीसाठी पाठवतात, आणि त्याच पाठवण्याने स्वस्त फीचा हक्क गमावतात. उलट महाराष्ट्रात वैद्यकीयला राज्याच्या जागेवर जायचे तर दहावी-बारावी महाराष्ट्रात झालेली लागते. म्हणजे डॉक्टर की इंजिनियर, हे निदान ढोबळपणे दहावीच्या आधी घरात बोलले गेले पाहिजे. नियम वर्षागणिक बदलतात, तेव्हा त्या वर्षीची माहितीपुस्तिका स्वतः वाचा. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या निरोपावर भरवसा ठेवू नका.

दहावीतल्या मुलांसाठी आणखी एक दार आहे. युनायटेड वर्ल्ड कॉलेज. आपल्या पुण्याजवळ मुळशीच्या डोंगरात त्यांचे महिंद्र कॉलेज १९९७ पासून आहे. अकरावी-बारावी तिथे राहून करायची, निवड देशोदेशीच्या समित्या करतात आणि मदत घरची ऐपत पाहून मिळते. तिथून बाहेर पडणाऱ्यांना अमेरिकेतल्या पुष्कळ महाविद्यालयांत डेव्हिस नावाच्या दात्याच्या निधीतून मदत मिळते. तो निधी २००० साली सुरू झाला. आणि अमेरिकेतच थेट जायचे म्हटले, तर हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, अ‍ॅमहर्स्ट ही मंडळी परदेशी मुलाला घेताना त्याच्याकडे पैसे आहेत का हे पाहत नाहीत, आणि घेतला तर गरजेपुरती मदत करतात. प्रवेश मिळणे महाकठीण, हे खरे. पण "तिथली फी आपल्याला झेपणार नाही" म्हणून अर्जच न करणे हा हिशेब चुकीचा.

तयारीला पैसा लागतो असेही नाही. सॅट परीक्षा आता संगणकावर होते आणि तिचा सराव खान अकादमीवर फुकट आहे. अमेरिकन सरकारची एज्युकेशनयूएसए सल्लाकेंद्रे फी घेत नाहीत. हजारो दिरहम घेणाऱ्या सल्लागाराकडे जाण्याआधी या दोन ठिकाणी डोकावावे.

आता तुम्ही म्हणाल, हे सारे आईबापांना सांगा, आम्हा म्हाताऱ्यांना कशाला? कारण दोन कामे तुमच्याच हातची आहेत.

एक म्हणजे लाज घालवणे. शिष्यवृत्ती मागितली की लोक म्हणतील घर बसले, ही भीती आखातात फार. आपल्या समाजाला ही भीती शोभत नाही. हाईम सॅम्युएल केहिमकरांनी १८७५ साली मुंबईत इस्राएली शाळा काढली, तिला पुढे लंडनच्या अँग्लो-ज्युईश असोसिएशनने हात दिला, आणि तीच पुढे माझगावची सर एली कदूरी शाळा झाली. आपल्यापैकी किती जण तिथे शिकले! कोणी कोणाला हिणवले? डॉ. जेरुशा झिराड लंडनला स्त्रीरोगशास्त्र शिकल्या त्या हिंदुस्थान सरकारच्या शिष्यवृत्तीवर. परत येऊन त्या १९२८ ते १९४७ कामा हॉस्पिटलच्या प्रमुख होत्या आणि १९६६ साली पद्मश्री झाल्या. डॉ. आंबेडकर १९१३ साली कोलंबियाला गेले ते बडोद्याच्या महाराजांच्या शिष्यवृत्तीवर. मात्र त्या करारात परतल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी करण्याची अट होती, आणि बडोद्यात त्यांना राहायला जागासुद्धा मिळू दिली नाही, हे तुम्ही जाणता. म्हणून कुठलीही शिष्यवृत्ती सही करण्यापूर्वी शेवटच्या ओळीपर्यंत वाचावी. पैसे परत करायचे आहेत का, नोकरी बांधलेली आहे का, गुण घसरले तर काय.

दुसरे काम कागदांचे, आणि ते खास बेने इस्राएलांचे. आपली नावे! जन्मदाखल्यावर बापाचे नाव आडनाव म्हणून, शाळेत 'पेणकर', पासपोर्टात दोन्ही उलटसुलट. कुठे सॅम्युएल, कुठे सामुएल, कुठे नुसता सॅम. परदेशी कारकुनाला ही तीन माणसे वाटतात. एका मुलाचा अर्ज केवळ एवढ्यामुळे दोन महिने अडकला. आजोबांनी ट्रंकेतून जुना विवाहदाखला काढून पाठवला तेव्हा गाडी हलली. तुमच्या ट्रंकांत असे काय काय आहे ते आजच पाहा. जन्मदाखले, शाळा सोडल्याचे दाखले, आईवडिलांपैकी कोणाचे महाराष्ट्राचे अधिवास प्रमाणपत्र. अभियांत्रिकीच्या प्रवेशाला त्याचा उपयोग होऊ शकतो. नाव निराळे असेल तर प्रतिज्ञापत्र मुंबईत करून घ्यायला वेळ लागतो. तो वेळ नववीत असतो, बारावीत नसतो.

आणखी एक छोटी बाब. अमिरातीत बारावीला किमान ९५ टक्के मिळवणाऱ्या गुणवंतांना स्वतःच्या नावावर पाच वर्षांचा गोल्डन व्हिसा मिळू शकतो. त्यासाठी शिक्षणखात्याची शिफारस लागते. बापाच्या नोकरीवरचे अवलंबन तेवढे तरी सुटते. घरच्यांना हे ठाऊक नसते, म्हणून सांगितले.

चिटणीस घड्याळ दाखवताहेत. ज्यांच्या घरचे मूल यंदा आठवी ते दहावीत आहे, त्यांनी चहाच्या वेळी मागच्या बाकांपाशी यावे. मी वही घेऊन बसतो. मुलाचे पासपोर्टवरचे नाव, शाळेतले नाव आणि इयत्ता एवढे सांगा. कोणत्या तारखा कधी येतात ते लिहून देईन. चष्मा बरोबर आणा, माझे अक्षर बारीक आहे.