थंडीतला धूर
(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



वर्धापनदिनाच्या दिवशी धुराचा विषय काढला, म्हणून कोणी नाक मुरडील. पण गेल्या पौषात आपल्या वसाहतीतली किती मुले रात्ररात्र खोकत होती आणि किती आया उशाशी बसून होत्या, हे आपणा सर्वांना ठाऊक आहे. म्हणून बोलते.

नाशिकची हवा चांगली, असे आपण पाहुण्यांना अभिमानाने सांगतो. परंतु २०१९ साली केंद्र सरकारने राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रम आखला, तेव्हा हवेची ठरलेली मर्यादा न पाळणाऱ्या शहरांच्या यादीत आपले नाशिकही आले. सातपूर-अंबडचे कारखाने, एकलहऱ्याचे कोळशावरचे वीजकेंद्र, रस्त्यावरची वाहने, बांधकामांची धूळ, अशी कारणे आपण सहज मोजतो. ती खरी आहेत. पण मला प्रश्न पडतो तो असा, की कारखाने आणि वाहने तर बारा महिने चालतात. मग खोकल्याचा जोर कार्तिक ते माघ एवढाच का?

याचे उत्तर आपल्या स्वयंपाकघरातच आहे. लाल मिरचीची फोडणी अंगणातल्या चुलीवर द्या, कोणाला कळणारही नाही. तीच दारे-खिडक्या लावून द्या, ओटीवर बसलेल्यांनाही ठसका लागेल. मिरची तेवढीच, फरक फक्त वारा मिळतो की नाही, एवढाच.

हिवाळ्यात निरभ्र रात्री जमीन लवकर निवते आणि तिच्या लगतची हवा थंड व जड होऊन खालीच बसते. तिच्यावर उबदार हवेचा थर येतो आणि झाकणासारखा राहतो. वाराही मंद असतो. डोंगरांच्या मधल्या सखल भागात, गोदावरीच्या काठाने, ही थंड हवा अधिकच साचते. चैत्र-वैशाखात धूळ पुष्कळ उडते, पण दुपारच्या उन्हाने हवा उंच चढते आणि धूर पांगतो. आषाढ-श्रावणात पाऊस हवा धुऊनच काढतो. हिवाळ्यात मात्र सूर्य चांगला वर येईपर्यंत झाकण उघडत नाही, आणि दिवेलागणीनंतर पुन्हा बसू लागते.

निफाडचे द्राक्षबागाईतदार ही गोष्ट फार चांगली जाणतात. कडाक्याच्या थंडीत ते पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात, कारण तेव्हा ऊब वर निघून न जाता वेलींभोवती रेंगाळते. द्राक्षांना जे तारते, त्यानेच आपली छाती भरते!

या धुरातले अतिसूक्ष्म कण, ज्यांना पी. एम. २.५ म्हणतात, केसाच्या जाडीच्या विसाव्या भागाहूनही बारीक असतात. ते फुप्फुसात खोलवर उतरतात. आपल्या देशाने २००९ साली त्यांची चोवीस तासांची मर्यादा घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम ठरवली; जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली १५ सुचवली. म्हणजे सरकारी आकडा "ठीक" असला, तरी दमेकरी मुलाच्या आईने निर्धास्त होऊ नये.

डिसेंबर १९५२ मध्ये लंडनला असेच झाकण पाच दिवस बसले. सुमारे चार हजार माणसे दगावली, असा तेव्हाचा अंदाज होता. पुढच्या अभ्यासकांनी तो आकडा बराच वाढवला. तो धूर केवळ गिरण्यांचा नव्हता, घराघरांतल्या कोळशाच्या शेगड्यांचाही होता. कारखान्यांना जाब विचारलाच पाहिजे; परंतु उंच धुराड्याचा धूर निदान वर तरी सुटतो, आपल्या फाटकाशी जळणारा पाचोळा थेट नाकाच्या उंचीवर असतो.

आणि तो जळतो केव्हा? नेमका पहाटे! झाडलोट करणाऱ्या बायका सहाला ढीग पेटवतात, पहारेकरी रात्रभर जे सापडेल ते, प्लॅस्टिकसुद्धा, जाळून शेकतो, आणि त्याच वेळी आपला व्यायामवर्ग मैदानावर दीर्घ श्वास घेत असतो. उघड्यावर कचरा जाळण्यास राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१६ साली बंदी घातली असून पाच हजार रुपये दंड ठेवला आहे. पण थंडीने काकडणाऱ्या माणसाला दंडाची भीती घालणे मला प्रशस्त वाटत नाही. त्याला स्वेटर आणि जाड घोंगडी द्यावी. मंडळाच्या शिलकीत तेवढे सहज बसते.

व्यायामवर्ग दिवाळीपासून शिवरात्रीपर्यंत साडेआठला घ्यावा, असे मी सुचवले, तेव्हा नोकरीवर जाणाऱ्या भगिनींनी हरकत घेतली. ती रास्तच आहे. त्यांच्यासाठी सहाचा वर्ग सभागृहात, खिडक्या लावून, चालू ठेवता येईल. ज्यांच्या घरी अजून लाकडाचा बंब पेटतो, त्यांनी तो थंडीत जरा उन्हे वर आल्यावर पेटवला, तरी शेजारच्या बाळाला फरक पडेल.

पाचोळ्यासाठी विहिरीमागची जागा मी पाहून ठेवली आहे. खड्डा चार फूट लांब, तीन फूट रुंद पुरेल. वर मातीचा थर द्यायचा, अधूनमधून पाणी शिंपडायचे; पावसाळ्यापर्यंत खत तयार होते. कुदळ-फावडे आमच्या घरचे आहे. येत्या रविवारी सकाळी नऊ वाजता, म्हणजे झाकण उघडल्यावर, ज्यांना जमेल त्यांनी यावे.