मुलांचे अंथरूण : ऊब गोधडीची, विस्तवाची नव्हे



मराठवाडा म्हटला की उन्हाळा आणि पाणीटंचाई यांचाच विचार प्रथम मनात येतो. थंडीचा प्रश्न येथे सहसा कोणी मांडीत नाही. परंतु मार्गशीर्ष-पौषात नांदेड व लातूर जिल्ह्यांत पहाटेचा पारा कित्येकदा दहा अंशांच्या आसपास उतरतो. किनवट-माहूरच्या डोंगराळ भागात गारठा अधिकच जाणवतो. प्रौढ माणसाला ही थंडी सोसते. तान्ह्या बालकाला सोसत नाही. आणि थंडीवरचा उपाय म्हणून निजण्याच्या खोलीत आणलेला विस्तव कधी कधी थंडीहूनही घातक ठरतो.

बाजेखालची शेगडी

बाळंतिणीच्या बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी ठेवण्याची चाल या भागात जुनी आहे. तिच्यामागील हेतू योग्यच होता, कारण माता आणि बालक या दोघांनाही उबेची गरज असते. परंतु जुन्या घरांना धूर जाण्यासाठी छतात झरोके असत, दारांना फटी असत. आज सिमेंटच्या लहान खोलीत दारे-खिडक्या घट्ट लावून तीच शेगडी पेटते. निखारा अर्धवट जळताना कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू निर्माण होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिन या वायूला प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट धरून ठेवते. निजलेल्या माणसाला गुंगी येते आणि धोका कळण्यापूर्वीच शुद्ध हरपते. 'धूर नाही, म्हणजे धोका नाही' ही समजूत म्हणूनच जीवघेणी आहे. निजताना शेगडी खोलीबाहेर गेलीच पाहिजे.

विस्तवाचा खर्चही थोडा नाही. तुराट्या, पऱ्हाट्या आणि गोवऱ्या हेच येथील पुष्कळ घरांचे सरपण. जाळलेली प्रत्येक गोवरी म्हणजे शेताला न मिळालेले खत होय. विजेची १००० वॅटची शेगडी आठ तास चालली, तर एका रात्रीत ८ युनिट वीज खर्च होते. याउलट, निजलेल्या प्रौढ माणसाच्या शरीरातून सुमारे ७० वॅट उष्णता अखंड बाहेर पडत असते. ती वाया न जाऊ देणे, हीच खरी काटकसर.

ऊब धरून ठेवण्याचे तंत्र

अंथरूण स्वतः उष्णता निर्माण करीत नाही. शरीराची उष्णता ते अडवून धरते. गोधडीच्या किंवा वाकळेच्या थरांमध्ये, तसेच घोंगडीच्या लोकरीत, हवा कोंडलेली असते आणि कोंडलेल्या हवेतून उष्णता सहजी निसटत नाही. म्हणून एका जाड पांघरुणापेक्षा दोन-तीन पातळ थर अधिक उपयोगी पडतात. मात्र पुष्कळ घरांत सारी पांघरुणे अंगावर येतात आणि अंगाखाली काहीच राहत नाही. बाजेच्या विणीतून खालची गार हवा लागते, तर शहाबादी फरशी अंगातील ऊब ओढून घेते. खाली कोरडे पोते किंवा चटई, तिच्यावर घोंगडी आणि वर गोधडी असा क्रम ठेवावा. दमट अंथरूण ऊब धरीत नाही, यास्तव गोधड्यांना दुपारचे ऊन दाखवून सूर्यास्तापूर्वी त्या घरात घ्याव्यात.

घर बदलले की ही रीतही बदलावी लागते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरातील भूकंपात दगडमातीच्या जाड भिंती कोसळून सुमारे आठ हजार माणसे मृत्युमुखी पडली. त्यानंतरचा हिवाळा अनेक कुटुंबांनी पत्र्याच्या निवाऱ्यांत काढला. जाड भिंत दिवसाचे ऊन साठवून रात्री परत देते. पत्रा मात्र सूर्य मावळताच गार पडतो. सुरक्षित भिंत पातळ असेल, तर उबेची भरपाई अंथरुणातून करावी. पत्र्याखाली, चूल आणि दिवा यांपासून दूर, चटईचे छत ताणल्यास मधली हवा गारवा बराच अडवते.

तान्हे मूल

नवजात बालकाला प्रौढाप्रमाणे कुडकुडून अंगात ऊब आणता येत नाही. जन्मतःच त्याला कोरडे पुसावे, आईच्या उघड्या छातीशी धरावे, टोपडे घालावे आणि पहिले चोवीस तास स्नान घालू नये. कोलंबिया देशातील बोगोटा येथे डॉ. एडगर रे यांनी १९७८ मध्ये कमी वजनाच्या बालकांसाठी मातेच्या त्वचेची हीच ऊब वापरली. आज ही पद्धत 'कांगारू माता संगोपन' म्हणून जगभर मान्य आहे.

महाराष्ट्रातील अनुभवही मोलाचा आहे. डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गडचिरोली जिल्ह्यातील ३९ गावांत प्रशिक्षित ग्रामीण स्त्रियांमार्फत नवजात बालकांची घरोघर काळजी घेतली. १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, तेथील नवजात मृत्यूंचे प्रमाण हजारी ६२ वरून सुमारे २५ पर्यंत उतरले. या यशात जंतुसंसर्गावरील उपचारांचा मोठा वाटा होता, तसाच बालकाला उबदार ठेवण्याच्या शिकवणीचाही होता. त्या शिकवणीत शेगडी नव्हती. उबदार कापडी पिशवी होती.

बालकाच्या पोटाला व तळपायांना हात लावून पाहावा. पोट ऊबदार पण पाय गार असतील, तर बालकाला थंडी वाजते आहे. दोन्ही गार असतील, तर त्याला छातीशी धरून विनाविलंब दवाखान्यात न्यावे. मान घामेजली असल्यास एक थर कमी करावा. वर्षाच्या आतील मुलाला उताणे निजवावे. त्याचे तोंड झाकू नये आणि अंगावर जड, सैल गोधडी टाकू नये. अंगाबरोबर बसणारे कपडे अधिक घालावेत. गरम पाण्याच्या पिशवीने अंथरूण आधी ऊबदार करता येते, परंतु मूल निजवण्यापूर्वी ती काढून घ्यावी. मद्यपान किंवा धूम्रपान करणाऱ्याच्या अंथरुणात तान्हे मूल निजवू नये.

गावाचे कर्तव्य

हिवाळ्यात ऊसतोडीसाठी बाहेर पडणाऱ्या कुटुंबांची मुले पाचटाच्या कोपीत निजतात. तेथे एक ठिणगीही पुरेशी असते. ही कुटुंबे गाव सोडण्यापूर्वीच पंचायत सदस्यांनी त्यांच्याकडे पुरेशी पांघरुणे आहेत की नाहीत, हे पाहावे. आश्रमशाळा व वसतिगृहांच्या अधिकाऱ्यांनी पांघरुणांबरोबर अंगाखालच्या थराचीही तपासणी करावी. महिला मंडळांनी जुन्या साड्या गोळा करून गोधड्या शिवल्यास खर्च थोडा आणि उपयोग मोठा होईल. शिक्षकांनी कोंडलेल्या निखाऱ्यांचा धोका वर्गात समजावून सांगावा, कारण मुलाने ऐकलेली गोष्ट संध्याकाळपर्यंत घरी पोहोचते. आशा कार्यकर्ती बाळंतघरी गेली, की तिने वजनाबरोबर बाजेखालीही एक नजर टाकावी. तेथे निखारे असतील, तर ते त्याच क्षणी बाहेर न्यावेत आणि त्या जागी एक घोंगडी अंथरावी. एवढ्या साध्या बदलाने सरपण वाचेल आणि बालकाचा जीवही सुरक्षित राहील.